तुपाचा एमआर नसतो

आमच्या घरी टीव्हीखालच्या ड्रॉवरमध्ये एक निळी दोनशे पानी वही आहे. पप्पा एकतीस वर्षं एसटीत कंडक्टर होते, त्यामुळे हिशोब त्यांच्या अंगात मुरलेला. त्या वहीत २१४ नावं आहेत. प्रत्येक नावापुढे तारीख, रक्कम आणि पैसे रोख आले की फोनवरून, याची खूण. सगळ्यात मोठी रक्कम २५,००० रुपये, मामाच्या साखर कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढून दिलेली. सगळ्यात लहान ५१ रुपये, आमच्या गल्लीच्या तोंडाशी भाजी विकणाऱ्या आजींची. एकूण ४,८६,३५१ रुपये.

हे पैसे माझ्या धाकट्या भावाच्या मेंदूच्या ऑपरेशनसाठी जमले होते. ते ऑपरेशन झालंच नाही. तपासण्या आणि जाण्यायेण्यात १,७२,९०० रुपये गेले. उरले ३,१३,४५१. या उरलेल्या पैशांवरून आमच्या घरात पाच महिने जे चाललं, ते मला सांगायचंय.

भावाचं नाव ओंकार. घरात ओम्या. लिहायला बसण्याआधी मी त्याला विचारलं, "नाव बदलू का रे?" तो म्हणाला, "फोटो अख्ख्या कराडनं बघितलाय. आता नाव लपवून काय करतेस, ताई?"

त्या फोटोबद्दल पुढे सांगते.

*

ओम्याला पहिली फिट आली २०११ साली, शाळेत, प्रार्थनेच्या वेळी. तो सहा वर्षांचा होता, मी तेरा. मला वर्गातून बोलावून नेलं तेव्हा तो जमिनीवर पडला होता, हातपाय झटकत होता आणि तोंडातून फेस येत होता. एका शिपाईमामांनी त्याच्या नाकाला चप्पल लावली होती. कुणीतरी कांदा आणायला धावलं होतं. एका बाईंनी त्याच्या मुठीत कपाटाच्या किल्ल्या कोंबल्या होत्या आणि दुसऱ्या बाई त्याच्या दातांमध्ये चमचा घालायला बघत होत्या. सगळेजण मनापासून मदत करत होते आणि जे करत होते त्यातल्या एकाही गोष्टीचा उपयोग नव्हता.

आता मला झोपेतून उठवलं तरी काय करायचं ते सांगता येईल. माणसाला कुशीवर वळवायचं, आजूबाजूच्या टोकदार वस्तू दूर करायच्या, गळ्यापाशी कपडे सैल करायचे, तोंडात काहीही घालायचं नाही आणि घड्याळ बघायचं. पाच मिनिटांत थांबली नाही तर थेट दवाखाना. बस, एवढंच. हे एवढंसं कळायला आमच्या घराला दोन वर्षं लागली, कारण मध्ये एक मांत्रिक, दोन देवस्थानं आणि आत्यानं सांगितलेले मारुतीचे शनिवार होऊन गेले.

मग औषधं सुरू झाली. एक, मग दुसरं, मग दोन्ही मिळून, मग तिसरं. बहुतेकांना औषधाची लवकर दाद मिळते. ग्लासगोच्या डॉक्टरांनी २००० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्यात आधी कधीच औषध न घेतलेले ४७० रुग्ण होते. पहिल्याच औषधानं त्यातल्या ४७ टक्क्यांच्या फिट थांबल्या. दुसऱ्या-तिसऱ्या औषधानं आणखी १४ टक्क्यांच्या. त्यापुढे मात्र आकडे एकदम रोडावतात. साधारण एक तृतीयांश लोक असे उरतात, ज्यांच्या फिट औषधं बदलत राहिलं तरी थांबत नाहीत.

ओम्या त्या उरलेल्यांतला. पाच औषधं झाली तरी महिन्याला वीस-बावीस फिट यायच्या. त्याला पोहायला मनाई, गच्चीवर एकट्यानं जायला मनाई, गाडी चालवणं तर विसरायचंच. आमच्या बाथरूमला आतून कडी नाही. पप्पांनी ती २०१४ साली स्वतः स्क्रू काढून काढली. आत कुणीही असलं तरी आम्ही सगळेच बाहेरून हाक मारून विचारतो. पाहुणे आले की त्यांना ते विचित्र वाटतं. आम्हाला कडी असलेलं बाथरूम विचित्र वाटतं.

*

२०२२ साली एका मोठ्या शहरातल्या डॉक्टरांनी सांगितलं की ऑपरेशन होऊ शकेल का, ते तपासून बघू. फिट मेंदूतल्या एकाच ठिकाणाहून सुरू होत असेल आणि ती जागा काढून टाकण्याजोगी असेल, तर काही जणांच्या फिट कायमच्या थांबतात. आमच्यासाठी ते 'काही जणांच्या' वगैरे नव्हतंच. आम्ही फक्त 'थांबतात' एवढंच ऐकलं.

मामानं व्हॉट्सॲपवर मेसेज टाकला. त्यात खाते नंबर आणि ओम्याचा फोटो होता. फोटोत तो पलंगावर झोपलेला, डोक्याला ईईजीच्या वीसेक वायरी चिकटवलेल्या, तोंड अर्धं उघडं. त्याला विचारून काढलेला नव्हता तो. वर लिहिलं होतं, 'या लेकराला वाचवा.'

लेकरू तेव्हा सतरा वर्षांचं होतं आणि अकरावीला होतं.

मेसेज एका ग्रुपवरून दुसऱ्या ग्रुपवर गेला आणि सहा आठवड्यांत पावणेपाच लाखांच्या वर जमले. माणसांनी भरभरून दिलं, हे मी आयुष्यात विसरणार नाही. पण तो फोटो ओम्याच्या कॉलेजच्या ग्रुपवरही पोचला. तोवर वर्गात फक्त दोघा मित्रांना माहीत होतं. त्यानंतर सगळ्यांना माहीत झालं. कुणी वाईट बोललं नाही. फक्त सगळे त्याच्याशी हळू आवाजात बोलायला लागले. त्यानं बारावीचा फॉर्म बाहेरून भरला.

आत्यानं आईला बाजूला घेऊन वेगळंच सांगितलं होतं: "फोटो फिरवू नका गं, उद्या पोरीच्या लग्नात विचारतील." म्हणजे माझ्या. मला त्या वेळी संताप आला होता. पण आत्या तिच्या काळाचंच बोलत होती. हिंदू विवाह कायद्यात फिट येणाऱ्या माणसाच्या लग्नाला आडकाठी होती आणि 'अपस्मार' हा शब्द तिथून काढला गेला १९९९ साली. आत्याचं लग्न त्याच्या कितीतरी आधीचं. कायद्यातून शब्द गेला, बैठकीतून अजून जायचाय.

मग तपासण्या झाल्या. पाच दिवस कॅमेऱ्यासमोर, वायरी लावून. डॉक्टरांनी आम्हाला बसवून नीट समजावलं. ओम्याच्या फिट एका जागेवरून सुरू होत नाहीत, अनेक जागांवरून होतात, त्यामुळे काढायचं काय हा प्रश्न आहे. ऑपरेशन नाही. पप्पांनी एकच प्रश्न विचारला, "मग लोकांच्या पैशांचं काय करायचं?" डॉक्टर गोंधळले. मला तेव्हा पप्पांचा रागच आला. आता वाटतं, त्या क्षणी त्यांना धरायला तेवढाच एक हिशोब होता.

*

त्याच डॉक्टरांनी आम्हाला आहारतज्ज्ञाकडे पाठवलं. तिथे आम्हाला पहिल्यांदा कळलं की फिटवर एक जेवण असतं.

भात, भाकरी, चपाती, साखर, गूळ जवळजवळ बंद. त्याऐवजी तूप, लोणी, खोबरं, पनीर, अंडी. शरीराला साखर मिळेनाशी झाली की यकृत चरबीपासून कीटोन नावाचे पदार्थ बनवतं आणि मेंदू त्यांच्यावर चालायला लागतो. तसं झालं की काही जणांच्या फिट कमी होतात. नेमकं का, याचं पूर्ण उत्तर अजून कुणाकडेच नाही. ओम्याला त्यातला थोडा सैल प्रकार दिला, मॉडिफाइड ॲटकिन्स नावाचा. औषधं चालूच. आधी रक्ताच्या तपासण्या, कारण काही आजारांत हे जेवण उलट घातक ठरतं. (वाचून कुणी घरच्या घरी सुरू करू नका, प्लीज.)

आईनं सोन्या-चांदीच्या दुकानात असतो तसा छोटा काटा आणला. सकाळी ओट्यावर आधी काटा, मग गॅस. फ्लॉवर किसून त्याचा 'भात'. शेंगदाणे मोजून. पहिल्या होळीला आईनं पुरणपोळी केलीच नाही. ओम्या म्हणाला, "तुम्ही खा की, मला काय त्याचं," आणि उठून बाहेर गेला. त्या होळीपासून आमच्याकडे पुरणपोळी होत नाही.

तीन महिन्यांनी त्याच्या फिट महिन्याला सात-आठवर आल्या. बंद नाही झाल्या. पण सलग चार दिवस फिट न आलेला ओम्या मी अकरा वर्षांत पहिल्यांदा बघितला.

पुढच्या भेटीत मी आहारतज्ज्ञ मॅडमना जरा चिडूनच विचारलं, "हे इतकं जुनं आहे म्हणता, मग आम्हाला अकरा वर्षं कुणीच कसं सांगितलं नाही?"

त्या हसल्या. म्हणाल्या, "ताई, गोळीचा एमआर असतो. तो बॅग घेऊन डॉक्टरकडे येतो, माहिती देतो, सँपल देतो. तुपाचा एमआर कधी बघितलाय?"

*

त्या एका वाक्यानं मला कामाला लावलं. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करते. एखादी गोष्ट का चालत नाही, हे शोधायचेच मला पैसे मिळतात. रात्री जेवण झालं की मी या जेवणाचा इतिहास वाचत बसायची.

उपाशी राहिलं की फिट थांबतात, हे फार जुनं निरीक्षण आहे. आत्याचा शनिवार अगदीच वेड्यासारखा नव्हता म्हणायचा. फक्त आपला उपास म्हणजे साबुदाणा, बटाटा आणि केळं. त्यात पिष्ट सोडून दुसरं फारसं काही नसतं.

१९१९ साली न्यूयॉर्कमध्ये चार्ल्स हाउलंड नावाचे एक श्रीमंत वकील होते. त्यांच्या मुलाला फिट यायच्या आणि उपासाच्या उपचारानं त्याला आराम पडला होता. असं का होतं, हे त्यांना जाणून घ्यायचं होतं. त्यांचा भाऊ जॉन हाउलंड जॉन्स हॉपकिन्समध्ये बालरोगाचा प्राध्यापक होता. वकिलांनी भावाला ५,००० डॉलर दिले. मुलावर उपचार करायला नाही, कारण शोधायला.

त्या पैशांतून जेम्स गॅम्बल या डॉक्टरांचं काम उभं राहिलं. उपाशी मुलांच्या शरीरातून पाणी आणि क्षार कसे कमी होतात, हे त्यांनी बारकाईनं मोजलं. फिट का थांबतात, हे काही त्यांना सापडलं नाही. पण शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा ताळेबंद त्यांना उलगडत गेला. सलाइनमधून कुणाला काय आणि किती द्यायचं, याची आजची समज त्या कामावर उभी आहे.

हे वाचलं तेव्हा मी लॅपटॉप बंद करून थोडा वेळ तशीच बसले. ओम्याला लांबलेली फिट आली की ॲडमिट करायचो आणि पहिली त्याच्या हाताला सलाइनची बाटली लागायची. शंभर वर्षांपूर्वी एका बापानं आपल्या मुलाच्या आजाराबद्दल विचारलेला प्रश्न. उत्तर भलत्याच प्रश्नाचं मिळालं आणि ते माझ्या भावाच्या शिरेत गेलं.

पुढे १९२१ साली मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की माणसाला उपाशी ठेवण्यापेक्षा चरबीचं जेवण देऊन तीच अवस्था आणावी. 'कीटोजेनिक डाएट' हे नाव त्यांचंच. काही वर्षं ते चाललं. १९३८ साली फेनिटॉइन हे औषध फिटवर चालतं असं दिसलं आणि सगळे गोळ्यांकडे वळले. साहजिकच होतं. काट्यावर तूप मोजण्यापेक्षा गोळी गिळणं सोपं. जेवण मागे पडलं. कुणी त्याला खोटं ठरवलं नव्हतं. त्याची बाजू घ्यायलाच कुणी उरलं नव्हतं.

ते परत वर आलं तेही एका बापामुळे. 'एअरप्लेन' हा विनोदी सिनेमा करणाऱ्यांपैकी एक, जिम अब्राहम्स. त्यांच्या तान्ह्या चार्लीला १९९३ मध्ये फिट सुरू झाल्या. औषधं झाली, ऑपरेशन झालं, काही उपयोग नाही. मग त्यांनी स्वतः लायब्ररीत बसून पुस्तकं चाळली, तिथे त्यांना हे डाएट सापडलं. चार्लीच्या फिट काही दिवसांत थांबल्या. आपल्याला हे डॉक्टरांनी का सांगितलं नाही, हा माझाच प्रश्न त्यांना पडला. १९९४ मध्ये त्यांनी चार्ली फाउंडेशन काढलं. त्या पैशांतून डॉक्टरांसाठी व्हिडिओ बनले, आहारतज्ज्ञांची प्रशिक्षणं झाली, अनेक हॉस्पिटलांनी मिळून केलेला अभ्यास झाला. १९९७ मध्ये त्यांनी मेरिल स्ट्रीपला घेऊन टीव्हीसाठी सिनेमाही केला.

तरी शेवटची कसोटी राहिलीच होती. चिठ्ठ्या टाकल्यासारखे मुलांचे दोन गट करायचे, एकाला डाएट द्यायचं, दुसऱ्याला थांबवायचं आणि तुलना करायची. १४५ मुलांवर केलेला असा अभ्यास लंडनहून २००८ साली प्रसिद्ध झाला. तीन महिन्यांनी डाएटच्या गटातल्या ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, दुसऱ्या गटात ६ टक्के. त्याचा खर्च उचलणाऱ्यांत धर्मादाय संस्था होत्या. आणि हो, दुधाचा धंदा वाढवणारी तिथली एक परिषदही होती. कुणीतरी शेवटी तुपाची बॅग उचलली म्हणायची!

१९२१ ते २००८. सत्त्याऐंशी वर्षं. नव्या गोळीची चाचणी कंपनी करते, कारण पुढे गोळी विकायची असते. तुपाचं पेटंट कोण घेणार? ज्यातून कुणालाच नफा नाही, अशा प्रश्नाचा खर्च सरकारनं तरी करावा लागतो, नाहीतर दान देणाऱ्यानं.

दिल्लीच्या एम्समधल्या डॉक्टरांनी ओम्याच्याच प्रकारच्या डाएटचा अभ्यास केला. १०२ मुलं, सगळी चौदा वर्षांपर्यंतची, चपाती-भातावर वाढलेली. तो प्रसिद्ध झाला २०१३ साली. डाएटवरच्या निम्म्याहून थोड्या अधिक मुलांच्या फिट निम्म्यानं किंवा त्याहून जास्त घटल्या होत्या. दुसऱ्या गटात साडेअकरा टक्के. २०१३ मध्ये ओम्या आठ वर्षांचा होता.

*

तर, उरलेले ३,१३,४५१ रुपये.

सगळ्यात आधी पप्पांनी ते परत द्यायला काढले. लोक घेईनात. "दिलेलं परत घेत नसतात" हे उत्तर इतक्या वेळा आलं की पप्पा थकले. मग त्यांनी ठरवलं, औषधं वाटायची. सरकारी दवाखान्याच्या रांगेत त्यांनी अशी माणसं बघितली होती की ज्यांची महिन्याची गोळी संपली की पुढची पगारानंतर.

मी म्हटलं, संशोधनाला देऊ. फिटवर काम करणाऱ्या एखाद्या सरकारी संस्थेला.

आमचं भांडण झालं. पप्पा म्हणाले, "जी गोळी हाय तीच माणसाला मिळंना, आणि तू नवीन शोधाय निघालीस?" आणि त्यांचं चूक नव्हतं, हे मला नंतर वाचताना कळलं. जगात फिट येणारे सुमारे ५ कोटी लोक आहेत. जागतिक आरोग्य संघटना म्हणते की नीट निदान आणि उपचार मिळाले तर त्यांतले ७० टक्के फिटशिवाय जगू शकतील. गरीब देशांत जवळपास तीन चतुर्थांश लोकांना ते उपचार मिळत नाहीत. फेनोबार्बिटोन ही १९१२ पासूनची गोळी आहे आणि अत्यंत स्वस्त आहे. ती पोचवायला कुठलंही संशोधन लागत नाही.

मी म्हटलं, "आणि उरलेले ३० टक्के? ओम्या त्यात आहे."

"मग ओम्याला कधी उपयोग होईल? सांग की."

"नाही होणार, बहुतेक."

"तू रागापोटी देणार, मी दयेपोटी. पैसा लागंल कुणाच्या पोटाला, ते सांग."

मला उत्तर देता आलं नाही, कारण माझ्यात राग होताच. त्या अकरा वर्षांचा. हा दोष कुणा एका डॉक्टरचा नव्हता, म्हणून तो राग ठेवायला जागाच नव्हती.

आईनं मध्येच सांगितलं की यात्रेत अन्नदान करा, म्हणजे भांडण नको.

हे सगळं चालू असताना ओम्या पलीकडे मोबाइल बघत बसलेला. आम्ही त्याला विचारलंच नव्हतं. एक दिवस तोच म्हणाला, "ते पैसे माझा फोटो दाखवून आलेत. मी ठरवणार."

सगळे गप्प झाले.

"पप्पा, तुम्ही औषधं वाटणार म्हणजे परत कुणाचातरी फोटो. औषध घेताना, तुमच्या हातून, पेपरात द्यायला."

"मी न्हाई काढणार फोटो."

"तुम्ही नाही काढणार. पण दुसरं कोण तरी काढतंच." मग माझ्याकडे वळून त्यानं विचारलं, "ताई, संशोधनाला दिले तर फोटो लागतो का?"

मी म्हटलं, नाही. प्रश्नाला चेहरा नसतो. म्हणून तर त्याला पैसे मिळत नाहीत.

मदतीची कुठलीही ॲप उघडून बघा. एक चेहरा, एक आकडा, खाली हळूहळू भरत जाणारी हिरवी पट्टी. मीही तिथेच देते. त्यातून माणसं वाचतात, आम्हीही तशाच मदतीवर उभे राहिलो. पण 'अमुक प्रकारच्या फिट औषधाला दाद का देत नाहीत' याचा फोटो कसा काढणार?

आपल्याकडे असं दान कुणी केलंच नाही, असंही नाही. मेहरबाई टाटा १९३१ साली रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. दोराबजी टाटांनी पुढच्याच वर्षी, स्वतः जाण्याआधी, लेडी टाटा मेमोरियल ट्रस्ट उभा केला. तो मुंबईचा ट्रस्ट जगभरातल्या संशोधकांना त्याच रोगावर काम करायला पैसे देत आला. बायको गेली होती. त्या दानातून तिला काही मिळणार नव्हतं. मी हे जेवताना सांगितलं तेव्हा पप्पा म्हणाले, "ते टाटा हायेत." पण वाटीतलं वरण ढवळत ते बराच वेळ विचार करत होते.

*

शेवटी पप्पांनीच एक अडचण काढली आणि ती मला आजही पटते. म्हणाले, "माणसानं तिकीट एका गावाचं काढलं, आणि आपण गाडी दुसऱ्याच गावाला नेली, असं चालत न्हाई. लोकांनी ऑपरेशनला दिल्यात. आधी विचारायचं."

२१४ नावं. रोज संध्याकाळी चहा झाला की पप्पा वही घेऊन बसायचे आणि फोन लावायचे. स्पीकरवर. प्रत्येकाला तेच सांगायचं: ऑपरेशन झालं नाही, एवढे उरलेत, तुमच्या वाट्याचं काय करू? परत, औषधं की संशोधन? पहिले काही दिवस पप्पांना 'संशोधन' नीट सांगता येईना. मग त्यांनी स्वतःचं वाक्य तयार केलं: "म्हंजे ज्या पोरांना औषध लागू पडत न्हाई, त्यांच्यासाठी शोधाशोध."

नऊ जणांनी पैसे परत मागितले. त्यांच्या वाट्याला जे येत होतं ते पप्पांनी त्याच आठवड्यात, सुट्ट्या रुपयांसह, दिलं. कित्येकजण म्हणाले, तुम्हाला योग्य वाटेल ते करा. काहींनी औषधं सांगितली. काहींनी फोनवरच स्वतःच्या घरातलं सांगायला सुरुवात केली. माझ्या बहिणीला येते. माझ्या मुलाला येते, कुणाला सांगितलेलं नाही. पप्पांच्या जुन्या डेपोतला एक ड्रायव्हर म्हणाला की त्याच्या बायकोला लग्नाआधीपासून येते आणि हे तो आयुष्यात पहिल्यांदा कुणाला तरी सांगतोय. पप्पांनी त्या नावापुढे काही लिहिलं नाही. नुसतं पान उलटलं.

भाजीवाल्या आजींकडे फोन नव्हता. ओम्या स्वतः गेला त्यांच्याकडे. तो परत आला तेव्हा हातात मेथीची जुडी होती. आजींनी काय सांगितलं विचारलं तर म्हणाला, "त्यांना वाटतंय माझं ऑपरेशन झालं. मी बरा दिसतो म्हणाल्या."

"मग तू काय सांगितलंस?"

"खरं सांगितलं. म्हटलं, नाही झालं, पण थोडं कमी आहे. त्या म्हणाल्या, मग त्या पैशात दुसऱ्याचं थोडं कमी करा."

सगळे फोन संपले तेव्हा पैशांचे दोन भाग झाले. जवळजवळ निम्मे औषधांना. ते पप्पांनी एका मेडिकलवाल्याकडे जमा ठेवलेत. डॉक्टरची चिठ्ठी दाखवायची, गोळ्या घ्यायच्या. नाव विचारायचं नाही, फोटो नाही, ही ओम्याची अट. उरलेले एका सरकारी संस्थेच्या फिटवर काम करणाऱ्या विभागाला. तेवढ्यात तिथे काय होणार, हे मला माहीत आहे. एखाद्या मोठ्या अभ्यासातल्या काही मुलांच्या तपासण्या, फार तर. फॉर्मवर 'देणगीचा उद्देश' असा रकाना होता. तो ओम्यानं भरला. औषधांमुळे त्याचा हात थरथरतो, अक्षर तिरकं येतं. त्यानं लिहिलं, 'ज्यांना औषध लागू पडत नाही, त्यांच्यासाठी.' पप्पांचंच वाक्य.

पैसे पाठवले त्या रात्री ओम्याला फिट आली. एक मिनिट चाळीस सेकंद. मी कुशीवर वळवलं, पप्पांनी घड्याळ बघितलं, आईनं पंखा वाढवला. तो झोपल्यावर मी त्याच्या डायरीत वेळ लिहिली. दोन वर्षांच्या फिटच्या तारखा, वेळा, त्या दिवशीचं जेवण, सगळं त्यात आहे. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, अशी नीट ठेवलेली डायरी अभ्यासाला फार उपयोगी पडते, देणार का? ओम्यानं डायरीवरचं स्वतःचं नाव खोडलं आणि दिली.

पावती पोस्टानं आली तेव्हा पप्पांनी ती निळ्या वहीत चिकटवली. मग पेन धरून बसले. कोणत्या बाजूला लिहायचं ते त्यांना कळेना. खर्च म्हणावं तर हातात काही आलं नाही. दान म्हणावं तर पैसे आपले नव्हते.

"येणे बाकी लिहा," ओम्या म्हणाला.

"कधी येणार?"

"ते काय माहीत. शंभर वर्षांनी आलं तरी येणेच की."

पप्पांनी ते लिहिलं. तारखेचा रकाना मोकळा ठेवला.